आवाज नंतर घेऊ

भाऊंच्या दुकानात शिरलं की आधी नजरेला पडायचं ते मातीचं घमेलं. अकोल्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, जिना चढून वर गेलं की भिंतीला लागून काचेची कपाटं, कपाटांत भाड्याने द्यायचे कॅमेरे आणि लेन्स, आणि त्यांच्यापुढे टेबलावर, गिऱ्हाइकाच्या अगदी नाकासमोर, भातकुलीच्या शेतातली काळीभोर माती. मातीवर फुटलेलं कापसाचं एक बोंड. नवा माणूस विचारायचा, "काय पेरलं भाऊ याच्यात?" भाऊ उत्तर देत नसत. सकाळी कुलूप काढलं की देवाच्या अगरबत्तीआधी ते न्हाव्याकडे असतो तसल्या फवाऱ्याने त्या मातीवर पाणी मारत. ओली माती जास्त काळी दिसते, एवढंच त्यामागचं कारण.

आमच्या भागात जे कोणी स्वतःच्या हिमतीवर सिनेमा करायला निघत, ते कधी ना कधी भाऊंचा जिना चढत. प्रश्न ठरलेला. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यांमध्ये कोणता घ्यावा? भाऊ त्याला खुर्चीवर बसवत, पंखा त्याच्या बाजूला वळवत आणि म्हणत, "कॅमेऱ्याचं मी पाहतो. तू मले तुयी फिलिम सांग." मग तो माणूस घाम पुसत आपली गोष्ट सांगे आणि भाऊ एक डोळा मिटून ऐकत. एक डोळा मिटायची त्यांना सवयच जडली होती. चहा पिताना, भाजी घेताना, पाहुण्यांशी बोलतानासुद्धा उजवा डोळा बंद. घरी येणाऱ्या नव्या माणसाला वाटे, याला काहीतरी झालंय.

मी अमरावतीची. एडिटिंग शिकले आणि काम शोधत भाऊंच्या दुकानात येऊन पडले. लग्नाचे व्हिडिओ कापायचे, गाणी लावायची, हे माझं काम. पण खरं काम दुसरंच असायचं. नवा कॅमेरा कुणाकडे आला, की भाऊ तो चार दिवस मागून आणत आणि आम्ही दोघं तो तपासत बसायचो.

तपासणी त्यांची स्वतःची होती. परदेशातले लोक रंगीत चौकोनांचे तक्ते समोर ठेवतात, भाऊंना ते पटत नसे. पांढराशुभ्र कापूस आणि काळी माती, दोन्ही एकाच चौकटीत, भर दुपारच्या उन्हात. कापसाचा तंतू न् तंतू दिसला पाहिजे आणि मातीचं ढेकूळ न् ढेकूळही. तोपर्यंतचा एकही कॅमेरा या कसोटीला उतरला नव्हता. कापसाला जपावं तर माती नुसती काळी शाई होऊन जाई, आणि माती उजळावी तर कापूस पांढऱ्या डागासारखा फुटे. "कापूस करपते नाई तं माती मरते," भाऊ म्हणत आणि तो कॅमेरा परत पिशवीत जाई.

कॅमेऱ्यांची खरी नावं त्यांच्या तोंडी कधी आली नाहीत. एक होता सासूबाई. त्याला चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती, प्रत्येक पुटकुळी दिसे आणि तो ती जगाला दाखवे. दुसरी मावशी. तिचे रंग मायेचे, सावलीतसुद्धा माणूस गोड दिसायचा, पण बारीक तपशील ती पोटात घाली. तिसरा जावई. चित्र देखणं, थाट मोठा, पण थोडा वेळ चालला की तापायचा आणि बंद पडायचा. अकोल्याच्या उन्हाळ्यात तर त्याच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवून त्याची मनधरणी करावी लागे.

आणि आवाज? तपासणीच्या वेळी भाऊ प्रत्येक कॅमेऱ्याचं आवाजाचं रेकॉर्डिंग मेनूत जाऊन बंद करत. मी एकदा विचारलं, राहू दिलं तर काय बिघडतं?

"कान उघडे असले का डोये आयशी होतात," ते म्हणाले. "आदी चित्र. आवाज नंतर घेऊ."

हे 'आवाज नंतर घेऊ' मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं, त्याला सुमार नाही. ते आठवलं की आजही मला राग येतो. कुणाचा ते नीट सांगता येत नाही.

कारण भाऊंनी वहिनींशी लग्न केलं होतं ते त्यांच्या आवाजावर भाळून. हे त्यांनी स्वतः सांगितलेलं. वहिनी अमरावतीच्या, लग्नाआधी हौशी नाटकांत काम करायच्या. हॉलमधला माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला त्यांचा शब्द ऐकू जाई, आणि ओरडल्यासारखा मात्र वाटत नसे. भाऊ त्या नाटकाचे फोटो काढायला गेले होते. म्हणे, फोटो काढायचेच विसरले. लग्नानंतर त्यांनी वहिनींसाठी सिनेमा लिहिला. एकच पात्र. एक बाई दिवसभर कापूस वेचते आणि शेवटी, कमरेची ओटी कापसाने भरल्यावर, मातीतच बसून बोलते. तेवढंच. पण तो सिनेमा भर उन्हात, काळ्या मातीत, कापसात घडणार होता, म्हणून कापूस आणि माती दोन्ही झेलणारा कॅमेरा मिळेपर्यंत तो थांबला होता. मी दुकानात आले तेव्हा तो थांबून बरीच वर्षं झाली होती. वहिनींच्या कानाजवळ केस पांढरे झाले होते.

"अवो, मी म्हातारी होऊन राहिली ना," वहिनी म्हणायच्या.

"होऊ दे. पांढऱ्या केसात कॅमेऱ्याची परीक्षा चांगली होते," भाऊ म्हणायचे.

वहिनी हसायच्या. मला त्या हसण्यात पुढेपुढे काही हसण्यासारखं दिसेना.

अंजनगाव सुर्जीचा एक तरुण शिक्षक एकदा आला होता. त्याला पानमळ्यात राबणाऱ्या आपल्या आत्यावर छोटा सिनेमा करायचा होता. भाऊंनी ऐकून घेतलं. मळ्यात दिवसाही हिरवी सावली, चेहरा त्या सावलीत, ऊन फक्त कुठेकुठे फटीतून. "तुले मावशी पायजे," ते तात्काळ म्हणाले. "सासूबाई तुया आत्याचे हाल करन. जावई तं मळ्याच्या दमटपणात बसनच." कुठली लेन्स, किती वाजता, कुठल्या बाजूने, सगळं सांगितलं. त्याने तसंच केलं. अमरावतीला एका हॉलमध्ये तो सिनेमा दाखवला तेव्हा आम्ही तिघं गेलो होतो. आत्या खरीच होती, नटी नव्हती, पण शेवटी ती मळ्याशी बोलायला लागली आणि हॉल चिडीचूप झाला. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या.

बाहेर पडल्यावर त्या शिक्षकाने भाऊंच्या पाया पडून विचारलं, कसा वाटला?

"वरच्या कोपऱ्यात आभाळ करपलं," भाऊ म्हणाले. "बाकी ठीक."

परतीच्या गाडीत वहिनी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मूर्तिजापूर मागे पडल्यावर म्हणाल्या, "आभाळाकडं कोनी पाहिलं नाई जी. सगळे त्या बाईकडं पाहून राहिले होते." मग जरा थांबून, "माया सिनेमा कदी?"

"पुढच्या हंगामात. नवा येऊन राहिला. त्याच्यात कापूस सापडन म्हणतात."

"मागच्या हंगामातबी नवाच येऊन राहिला होता."

पुढचा हंगाम म्हणणं हा भाऊंचा खोटेपणा नव्हता. सिनेमा करायचाच आहे, वहिनींनाच घेऊन करायचा आहे, यावर त्यांची देवावर नसेल तेवढी श्रद्धा होती. म्हणूनच तो वाईट निघू नये, ही धास्ती. ती इतकी वाढत गेली की त्या धास्तीलाच ते काम समजू लागले.

त्या वर्षीच्या हंगामात आम्ही भातकुलीला गेलो. वहिनींच्या भावाचं शेत तिथे. दुकानातल्या घमेल्यावर पहिली चाचणी व्हायची, पण शेवटची चाचणी या शेतात आणि वहिनींवर. लाकडी फळीवर तीन कॅमेरे शेजारीशेजारी बसवले. सासूबाई, मावशी, आणि नुकताच आलेला एक नवा जावई. वहिनी मातीत बसल्या. कमरेच्या ओटीत वेचलेला कापूस, थोडा कापूस पुढ्यात पसरलेला. मी त्यांच्या एका गालावर सावली पडावी म्हणून चादर धरून चौकटीच्या बाहेर उभी.

"बोलू नको वं. बोललं का चेहरा हलते," भाऊ म्हणाले. हेही दर वेळचंच.

थंडीचे दिवस, तरी नवा जावई तापला. भाऊंनी तोंड वाकडं केलं, बाकीचे दोन कॅमेरे चालूच ठेवले आणि फडकं भिजवायला विहिरीवर गेले. विहीर बांधापलीकडे, लांब.

वहिनींनी ते दिसेनासे होईपर्यंत वाट पाहिली. मग पदर नीट केला आणि कॅमेऱ्याकडे पाहून बोलायला सुरुवात केली. मला कळायला जरा वेळ लागला. तो सिनेमातला शेवटचा भाग होता. भाऊंनी तरुणपणी लिहिलेला.

"उद्या मी उशिरा उठीन. चहा कोनी ठेवला तं पीन, नाई ठेवला तं नाई. बोंडं आपली आपली फुटतीन. दिवस आपला आपला निघन. मले हाक मारू नका कोनी." इथे त्यांनी ओटीतला कापूस हळूच मातीवर सोडला. "मारलीच तं मी ओ देईन. सवयच हाये मले."

तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. रोज बोलणाऱ्या वहिनी त्यात होत्याच, पण आणखी कुणीतरी होतं, जिचे फोटो काढायला भाऊ गेले आणि काढायचेच विसरले ती. रान ओसाड पडलेलं, दूर कुठेतरी एक ट्रॅक्टर, आणि ऐकायला मी एकटी.

बोलून झाल्यावर त्या माझ्याकडे वळून हसल्या. "झाला माया सिनेमा. आवाज नंतर देईन."

"वहिनी, मी भाऊंना सांगते."

"नको वं माय. सांगू नको. रात्रंदिवस तेच तं पाहून राहिले असते. दिसनच त्यायले." आणि पुन्हा गंभीर होऊन, तोंड मिटून, चाचणीच्या बाईसारख्या बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात भाऊंनी ते चित्रण उघडलं. मी शेजारी बसले होते. आता दिसेल, मग दिसेल. पण भाऊ चित्र कधी चालवून बघतच नसत. हलत्या चित्रात डोळा फसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पहिल्याच चौकटीला चित्र थांबवलं, कापूस एवढा मोठा केला की पडदाभर नुसते तंतू दिसले, आणि सासूबाईचे तंतू मावशीच्या तंतूंशी ताडून पाहिले. मग ढेकळं. मग वहिनींच्या गालाचा एक तुकडा, रंगासाठी. संध्याकाळ झाली. "नाई जमत," म्हणाले आणि बंद केलं. वहिनींचा सगळा चेहरा त्यांनी एकदाही पडद्यावर आणला नाही.

त्यानंतर लवकरच घरच्या अडचणीमुळे मी अमरावतीला परत गेले. वहिनी अधूनमधून फोन करायच्या. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारायच्या, "पाहिलं असन का वं त्यायनी?"

"तुम्हीच विचारा ना."

"विचारून घेतलेलं कौतुक काय कामाचं?"

उन्हाळ्यात त्यांचं अन्न तुटलं. आधी ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मग अकोल्याचे डॉक्टर, मग नागपूर. नागपूरच्या डॉक्टरांनी भाऊंना एकट्याला बाहेर बोलावून घेतलं. पोळ्यापर्यंतही वहिनी राहिल्या नाहीत. मी शेवटची भेटले तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. काय विचारतायत ते मला समजलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

आजच्या काळात एखाद्याचा आवाज कुठेच नसेल, हे कुणाला पटायचं नाही. मलाही पटलं नसतं. पण वहिनी फोनवर निरोप बोलून पाठवत नसत. समोर माणूस नसताना डबीत काय बोलायचं, म्हणायच्या. घरात कुणी मोबाईलवर शूटिंग करायला लागलं की भाऊ अंगावर जात, "ते भंगार माया घरात नको." भाचीच्या लग्नातल्या व्हिडिओत वहिनी चांगल्या हात हलवून बोलताना दिसतात, पण वर डीजे. नाटकांचे नुसते फोटो, तेही दुसऱ्याने काढलेले. भाऊ सगळ्या नातेवाइकांकडे जाऊन आले, अमरावतीला माझ्याकडेही. माझ्या फोनमध्ये काही नव्हतं. दारात उभ्या उभ्या म्हणाले, "एवढे कॅमेरे माया घरात. आन् एक शब्द नाई."

थंडी सुरू झाली तेव्हा त्यांचा फोन आला. "तू ये. कायी विचारायचं हाये."

मी अकोल्याला गेले. जिना चढून वर आले तर घमेल्यातली माती वाळून भेगाळली होती. बोंडावर धूळ. भाऊ संगणकासमोर बसलेले, दाढी वाढलेली, आणि दोन्ही डोळे उघडे.

"सगळ्या चाचण्या लावून पाहिल्या," ते म्हणाले. "मोठं नाई केलं. जशा हायेत तशा. चालवून." पडद्यावर दोन चित्रं शेजारीशेजारी थांबवलेली होती. भातकुलीचं शेत. डावीकडे मावशी, उजवीकडे सासूबाई. "हे पाह्य. मी इथं नाई. ती बोलून राहिली. काय बोलून राहिली ते समजत नाई मले. मावशीत ओठ गुळगुळीत दिसते, कायी पत्ता लागत नाई. सासूबाईत साफ हायेत. पह्यला शब्द 'उद्या' हाये का? का 'उन्हात'? डोकं दुखून राहिलं असन तिचं उन्हात. पाणी मागून राहिली का?" ते माझ्याकडे वळले. "चादर कोनी धरली होती? तूच ना? तू ऐकलं असशीन."

किती दिवस हा माणूस ते ओठ वाचत बसला होता, कोण जाणे. उभ्या आयुष्यात केलेल्या तुलनांपैकी हीच एक खऱ्या कामाची होती.

"पाणी नाही मागितलं," मी म्हटलं. "भाऊ, तो तुमचा सिनेमा आहे. शेवटचा भाग. त्यांनी पूर्ण केला. सांगू नको म्हणाल्या, तुम्हाला दिसेलच म्हणाल्या."

चित्र मागे नेऊन भाऊंनी पहिल्यापासून लावलं. वहिनींनी पदर नीट केला. ओठ हलले, आणि त्यांच्याबरोबर भाऊ बोलू लागले. घोगरा, पुटपुटणारा, कधीच कुणाला नीट ऐकू न गेलेला आवाज.

"उद्या मी उशिरा उठीन. चहा कोनी ठेवला तं पीन..."

शब्द न् शब्द बसत होता. वहिनी जिथे थांबल्या तिथे भाऊ थांबत होते. ओटीतला कापूस मातीवर पडला. "मारलीच तं मी ओ देईन," भाऊ म्हणाले, आणि पुढचं त्यांना म्हणता आलं नाही. वहिनींनी ते एकट्यानेच म्हटलं, आवाजाशिवाय.

मग त्या पडद्यावर बाजूला वळून हसल्या. ओठ पुन्हा हलले.

"हे तं माया लिहिण्यात नाई," भाऊ म्हणाले. "हे काय म्हणाली?"

"आवाज नंतर देईन, म्हणाल्या."

भाऊंनी टेबलाची कड धरली. चित्र चालूच होतं. वहिनी तोंड मिटून बसल्या होत्या. मग चौकटीत डावीकडून भाऊ आले, मागच्या हिवाळ्यातले, हातात ओलं फडकं. वहिनींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर काय होतं ते सासूबाईने जराही लपवलं नव्हतं. पडद्यावरचे भाऊ खाली वाकले आणि मातीवर पडलेला कापूस एक डोळा मिटून बघू लागले.

"अबे, कापूस काय पाहून राहिला?" खुर्चीतले भाऊ ओरडले. "तिच्याकडं पाह्य ना बे. तिच्याकडं पाह्य!"

पडद्यावरच्या भाऊंनी एक बोंड उचलून जरासं उजवीकडे ठेवलं आणि ते कॅमेऱ्यामागे निघून गेले.